आमच्या लेम्युएलला घरी धाडा

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि हेरन्स संघाच्या मालकीणबाई माननीय श्रीमती हॅलोरन, चित्रपटाचे दिग्दर्शक श्री. प्रुइट, ज्यांच्या उजव्या हाताला या शहरात देवाच्या खालोखाल मान आहे ते श्री. ग्रेडी मॅकॉल, संघातले खेळाडू, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आधी एक काम करा. डोळे मिटा. मागच्या फलकाकडे चोरून बघायचं नाही. आता शेजाऱ्याच्या कानात सांगा, आज ज्याला तुम्ही निरोप देताय त्याच्या शर्टावर आकडा कोणता होता?

विसरलात ना? वाटलंच होतं. इतकी वर्षं तिकीट काढून, अंगाला रंग फासून तुम्ही त्याच्याकडे तोंड करून बसलात. मॅकॉलसाहेबांचा आकडा तुम्ही पोरांच्या पाळण्यावर रंगवलात, एकाने तर म्हणे दंडावर गोंदवला. आणि त्यांच्या पुढ्यात भिंतीसारखा उभा असलेला माणूस कोण, तर आठवत नाही. चौसष्ट. चौसष्ट नंबर. उघडा आता डोळे.

मी ओझेला टिब्स, चौसष्टची आजी. शब्द माझे आहेत, आवाज आमच्या चर्चची चिटणीस व्हर्नीस हिचा आहे. मला लिहितावाचता येत नाही. ज्या वयात पोरं पाटी धरतात त्या वयात माझ्या गळ्यात कापसाची झोळी होती. त्याचं आता रडगाणं नाही. उलट एक फायदा झाला. तुम्ही लोक गोष्ट कागदावर ठेवता आणि मोकळे होता, मला मोकळं होता येत नाही. व्हर्नीसला मी बायबलवर हात ठेवून शपथ घ्यायला लावली आहे की माझा एकही शब्द ती सुधारणार नाही. ती आता मान खाली घालून वाचत असेल. वाच गं, लाजतेस काय.

मी स्वतः आले नाही त्याला माझे गुडघे कारण. श्रीमती हॅलोरन यांनी मोटार पाठवते म्हणून सांगितलं होतं, त्यांचे आभार. पण मिसिसिपीपासून तुमच्या शहरापर्यंत दिवसभर बसून आले असते, तर तिथे मला घडीच्या खुर्चीसारखं उलगडावं लागलं असतं. तेव्हा तुम्ही तिकडे झुंबराखाली बसा, मी इकडे ओसरीवर बसते. माझ्या शेजारी एक रिकामी खुर्ची आहे. ती रुंद आहे, लोखंडाची आहे, मुद्दाम बनवून घेतलेली आहे. तिच्यावर सध्या मांजर बसतं.

आपल्या या अमेरिकी खेळाबद्दल मी काय बोलावं! नाव फुटबॉल, आणि चेंडूला लाथ मारायचं काम करणारी माणसं संघात मोजून दोन, ती सुद्धा सगळ्यात स्वच्छ कपड्यातली. बाकीच्यांनी अंगावर जायचं. आमच्या लेम्युएलचं काम तर त्याहून सोपं. मॅकॉलसाहेबांनी मागे उभं राहून, चेंडू हातात घेऊन, जगाचा विचार करायचा. आणि त्यांचा विचार होईपर्यंत समोरून धावत येणाऱ्या बैलांना लेम्युएलने छातीवर घ्यायचं. मग त्यांनी फेकलेला चेंडू हवेत उडतो, तुम्ही वर बघता, टीव्हीवालाही वर बघतो. लेम्युएल खाली राहतो. मी आयुष्यात कधी चेंडूकडे बघितलं नाही. तो कुठे पडला, कुणी झेलला, हे मला शेजारच्या घरातल्या आरडाओरडीवरून कळतं. आमचे पाद्री सामन्याच्या रविवारी प्रवचन आखडतं घेतात, देवही समजून घेतो. मी घरी येते, हॅट न काढताच टीव्हीसमोर बसते, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात माणसांच्या ढिगात चौसष्ट शोधते. तो उठला की मी हॅट काढते.

त्याची आई, माझी लेक, तो अजून बुटाच्या नाड्या बांधायला शिकला नव्हता तेव्हा गेली. तेव्हापासून घरात आम्ही दोघं. तो पहिल्यांदा तुमच्याकडे आला तेव्हा मी त्याच्याबरोबर एक डबा दिला, जायफळाच्या बिस्किटांचा. निळा पत्र्याचा, झाकणाला पोचा आलेला. आमच्याकडे रीत आहे, दुसऱ्याच्या घरचं भांडं रिकामं परत करायचं नाही. हंगाम संपला की डबा घेऊन हा घरी यायचा. त्यात कधी तुमच्या शहरातले गूळ घातलेले अक्रोड, कधी लोणच्याच्या काकड्या, एकदा नुसते हॉटेलातले साबण. मी म्हटलं, "मेल्या, हे खायचं कसं?" तर म्हणतो, "आजी, रिकामा आणला नाही ना? मग!"

आता तुमच्या संघावर काढलेल्या चित्रपटाकडे येते. श्री. प्रुइट, तुम्ही माझ्यासाठी आमच्या चर्चच्या दालनात पडदा लावून चित्रपट दाखवलात, सगळ्या गावाला मक्याच्या लाह्या वाटल्यात, त्याबद्दल मी ऋणी आहे. चित्र सुंदर आहे. गवत इतकं हिरवं मी जन्मात पाहिलं नव्हतं. जी बाई माझं काम करते ती दिसायला देखणी आहे, त्याबद्दल तर वेगळे आभार. मात्र ती सारखी डुलत्या खुर्चीत बसून शहाणपणाची वाक्यं बोलते. मी डुलत्या खुर्चीत बसत नाही, मला घेरी येते. आणि शहाणपणाचं बोलायला लागले की लेम्युएल ताट उचलून स्वयंपाकघरात पळतो.

त्या चित्रपटात एक जागा आहे. तुम्ही सगळे तिथे हसता. आमचं दालनही हसलं. अजिंक्यपदाच्या सामन्यातली ती गोष्ट. लेम्युएलच्या डोक्याला मार बसतो, तो उठतो, अंग झटकतो, आणि चालत जाऊन समोरच्या संघाच्या घोळक्यात उभा राहतो. पुढच्या डावाचा बेत ठरवायला ते डोक्याला डोकं लावून उभे, आणि हा त्यांच्यातल्या दोघांच्या खांद्यांवर हात टाकून, मान खाली घालून, आज्ञाधारकपणे ऐकतोय. चित्रपटात तिथे तुतारी वाजते. मग मॅकॉलसाहेब धावत येतात, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरतात, एक लांबलचक वाक्य बोलतात, लेम्युएलच्या डोळ्यांत तेज येतं आणि आपण जिंकतो.

मॅकॉलसाहेब, तुम्ही भले माणूस आहात. दर नाताळला मला मोसंब्यांची पेटी पाठवता. पण ते वाक्य तुम्ही बोलला नव्हतात. तुम्ही तेव्हा तोंड धुवत होता, टीव्हीवर मी बघितलंय.

त्याला आणायला गेला तो सियाओसी. सियाओसी लेओटा, लेम्युएलच्या डाव्या हाताला खेळणारा, समुद्रातल्या बेटावरून आलेला. चित्रपटात तो नाही. श्री. प्रुइट म्हणाले, दोन जाडे मित्र दाखवले की प्रेक्षक गोंधळतात. असेल बुवा. मी कधी गोंधळले नाही.

हा सियाओसी गेल्या वसंतात माझ्या घरी आला. आला तो सरळ ओसरीवर जमिनीवर बसला. मी म्हटलं, "अरे, खुर्ची आहे की!" तर म्हणतो, "आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर उंच बसत नाहीत, आजी." मी जेवायला सुरुवात केल्याशिवाय घासाला हात लावेना. मनात म्हटलं, अशा माणसाला जन्म देणाऱ्या माउलीला एकदा भेटायला पाहिजे.

मग मीच विषय काढला. "त्या दिवशी त्या परक्यांच्या घोळक्यातून तू याला आणलंस. काय बोललास रे त्याला?"

"काही नाही, आजी. शर्टाची कड धरली आणि म्हटलं, भाऊ, आपलं घर तिकडे आहे."

"आणि तो?"

"तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस, ही माणसं ओळखीची वाटत नव्हती."

आम्ही दोघं हसलो. मग तो हसायचा थांबला. "आजी, त्यानंतर मी त्याचा शर्ट सोडलाच नाही."

काय, तर त्या दिवसापासून दर डावाला हा गडी लेम्युएलच्या शर्टाची खालची कड धरून बारीकसा हिसका द्यायचा. इकडे म्हणजे डावीकडे रेट, तिकडे म्हणजे उजवीकडे. बेत लेम्युएलच्या डोक्यात राहत नव्हता. पण एकदा दिशा कळली की भिंत तीच. कुणाला कळणार? तुम्ही सगळे चेंडूकडे बघत होता.

"डॉक्टरांना सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"सांगतो म्हटलं होतं. त्याने माझे पाय धरले. म्हणाला, सियाओसी, हे सोडून मी दुसरं काय करू शकतो?"

डॉक्टर तर होतेच, श्रीमती हॅलोरन, मी कुणावर आळ घेत नाही. हंगामाआधी ते पोरांना शब्द सांगतात आणि थोड्या वेळाने म्हणून दाखवायला लावतात. पुढे मार बसला की पुन्हा तेच शब्द विचारायचे आणि फरक बघायचा. आता आपली पोरं किती हुशार! ती पहिल्याच वेळी मुद्दाम चुकतात. सुरुवातच वाईट, म्हणजे पुढे फरक दिसायला नको. हे मला लेम्युएलनेच फुशारकीने सांगितलं, माझ्या टेबलावर, चवळी दुसऱ्यांदा वाढून घेताना. मी म्हटलं, "अरे, शाळेत तू पास व्हावंस म्हणून मी चपला झिजवल्या, आणि तिकडे तू नापास व्हायचा पगार घेतोस?" तो इतका हसला की मांजर पळालं. मीही हसले. विनोद चांगला होता.

गेल्या वर्षी सियाओसीचा गुडघा गेला आणि तो घरी बसला. या हंगामात लेम्युएलच्या डाव्या हाताला नवा मुलगा आला. चांगला असेल, पण त्याला शर्ट ओढायचा असतो हे कोण सांगणार? तुमच्या वर्तमानपत्रांनी लिहिलं म्हणे, टिब्स आता संथ झाला. व्हर्नीसने वाचून दाखवलं. मी म्हटलं, संथ नाही झाला, तो वाट बघतोय.

तो किती हरवलाय हे मला कसं कळलं ते सांगते, आणि मग तुमचा वेळ घेणार नाही. असं म्हणून मी अजून बराच घेणार आहे, पण तेवढं सगळेच वक्ते घेतात.

लेम्युएल दर रविवारी सामना झाला की फोन करतो. जिंको, हरो, पहिलं वाक्य ठरलेलं. "आजी, जेवलीस का?" या हंगामात एका रविवारी फोन आला. "आजी, जेवलीस का?" म्हटलं, "जेवले. चवळी आणि मक्याची भाकरी." बरं म्हणाला, ठेवला. मी ताट विसळत होते तर पुन्हा फोन. "आजी, जेवलीस का?" मला वाटलं चेष्टा करतोय. मी काही कमी नाही. म्हटलं, "हो, तळलेला मासा खाल्ला." "अरे वा," म्हणाला, ठेवला. अंधार पडायच्या आत पुन्हा. "आजी, जेवलीस का?" म्हटलं, "आज पाद्रीबुवांची कोंबडी चोरली आणि पिसांसकट खाल्ली!"

मी वाट बघत राहिले. माझा लेम्युएल अशा वेळी काय म्हणाला असता ठाऊक आहे? म्हणाला असता, "तंगडी माझ्यासाठी ठेव." लहानपणापासून तो हेच म्हणत आलाय.

तो म्हणाला, "बरं आजी. काळजी घे."

घरात माणूस एकटं असतं त्याची मला सवय आहे. लेक गेली, नवरा त्याआधीच गेला, माझ्याबरोबर कापूस वेचणाऱ्या सगळ्या बाया मातीखाली गेल्या. पण आपला विनोद ऐकून हसणारं जगात एकच माणूस उरलेलं असावं, आणि ते फोनच्या पलीकडे असूनही नसावं, हे मला नवीन होतं. तेव्हापासून मी दर रविवारी त्याला नवनवी जेवणं सांगते. मगर खाल्ली. टपालपेटी खाल्ली. तो म्हणतो, "बरं आजी." पण एकदा, अगदी अलीकडे, मी म्हटलं, "तुझी लोखंडी खुर्ची खाल्ली." जरा थांबला, आणि म्हणाला, "मग मी बसू कुठे?"

ऐकलंत? मग मी बसू कुठे! अजून आहे तो. थोडा आहे, पण आहे.

आणि म्हणून अध्यक्षाबाई, आता मी मुद्द्यावर येते. तुम्ही मला फोन करून मोठ्या आनंदाने सांगितलंत की निरोपानंतर लेम्युएल घरी बसणार नाही, वर्षभर चित्रपटाबरोबर शहरोशहरी फिरणार आहे. पडदा उघडायच्या आधी चौसष्टचा शर्ट घालून व्यासपीठावर बसायचं, ती घोळक्याची गंमत आली की उठून हात हलवायचा. मंगळवारी विमान. तुमचा हेतू चांगला, मी नाही म्हणत नाही. मी विचारलं, "त्याच्याबरोबर कोण?" तुम्ही म्हणालात, "आमची माणसं असतील." मी विचारलं, "त्या माणसांना ठाऊक आहे का, कोळंबीने त्याच्या अंगावर गांधी उठतात?" तुम्ही म्हणालात, नोंद करून घेतो.

लेम्युएलने होकार दिलाय, खरं आहे. तो सगळ्यालाच होकार देतो. समोरच्याला खाली बघायला लावायचं नाही, हे त्याला मीच शिकवलंय. पण जरा आता त्याच्याकडे बघा. व्हर्नीसकडे नको, त्याच्याकडे. नवा कोट घालून, मान खाली घालून, हसऱ्या चेहऱ्याने तो तुमच्यामध्ये बसला आहे, आणि आपण कुठे आहोत ते विचारायला भिडस्तपणाने लाजतो आहे. बंधुभगिनींनो, तो पुन्हा परक्यांच्या घोळक्यात उभा आहे. आणि या वेळी तुतारी वाजवू नका.

माझं मागणं एवढंच. त्याला सोडा. ते विमान त्याच्याशिवाय उडेल. वर्षभराने तुम्ही त्याला परत धाडाल, तेव्हा मी असेन की नाही देव जाणे, आणि मी असले तरी त्याच्यात मी असेन की नाही, हा प्रश्न मोठा आहे. मला तो आत्ता हवा. मी विनोद केला की दहातल्या एका वेळी हसणारा चालेल. तेवढ्यावर माझा संसार होईल.

दाराजवळ सियाओसी उभा आहे. बसत नाही, कारण तुमच्या खुर्च्या नाजूक आहेत. हे वाचून झालं की लेम्युएल इकडेतिकडे बघेल आणि विचारेल, आता कुठे जायचं? कृपा करून कुणी उत्तर देऊ नका. मॅकॉलसाहेब, तुम्हीसुद्धा वाक्य बोलू नका. सियाओसी येईल, त्याच्या कोटाची कड धरेल, आणि काय सांगायचं ते त्याला ठाऊक आहे. खाली त्याची गाडी उभी आहे. उजाडता उजाडता ते माझ्या दारात असतील.

आपण माझ्या नातवाला इतकी वर्षं अन्न दिलंत, नाव दिलंत, आज हा सोहळा केलात, त्याबद्दल टिब्स घराण्याच्या वतीने, म्हणजे मी आणि मांजर, आपले मनापासून आभार. अध्यक्षाबाईंचे आभार, दिग्दर्शकांचे आभार, ढोल वाजवणाऱ्या पोरांचे आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, कुणाचं नाव मागेपुढे झालं असेल, तर म्हातारीची जीभ म्हणून पदरात घ्या. तरीही राग गेला नाही तर व्हर्नीसवर काढा, ती तुमच्या समोरच आहे.

आता शेवटचं, आणि हे मात्र नोंद करून घ्याच. संघाच्या खोलीतलं लेम्युएलचं कपाट रिकामं करताना सियाओसीला माझा निळा डबा सापडला. या हंगामाच्या सुरुवातीला मी दिलेली बिस्किटं त्यात तशीच होती, दगड झालेली. आयुष्यात एक बिस्कीट न सोडणारा माणूस डबा उघडायचाच विसरला. ती बिस्किटं सियाओसीने पाखरांना घातली आणि डबा घासून आणला आहे. तो आता त्याच्या हातात आहे. आमच्याकडे भांडं रिकामं परत येत नाही, तेव्हा तो तुमच्या टेबलावरून भरून द्या. कोळंबी नको. केक नको, वाटेत चुरा होतो. कोंबडीच्या तळलेल्या तंगड्या घाला, भरपूर घाला, वरून दोन-चार भेंड्यांची भजी आणि रताळ्याचा एखादा गोड तुकडा कागदात गुंडाळून ठेवा. डबा लेम्युएलच्याच मांडीवर द्या आणि सांगा, आजीसाठी आहे, वाटेत उघडायचा नाही. आणि एवढं सांगून झाकण मात्र जरा सैलच लावा, म्हणजे गाडीभर वास सुटेल. डबा अर्धा रिकामा आला, तर मी समजेन की माझा लेम्युएल आला.